पुन्हा करा

आमच्या नातीच्या विज्ञानाच्या वहीत ऑगस्टमध्ये लाल शाईने एक शेरा आला : 'पुन्हा करा'. शेरा तसा जुनाच. आमच्या वेळेपासून तो वह्यांवर पडत आला आहे आणि त्याचा अर्थ 'नीट उतरवून आणा' एवढाच असतो, हे मास्तरांना माहीत असतं, मुलांना माहीत असतं, पालकांना तर असतंच असतं. आमच्या नातीला तेवढं नव्हतं. तिने तो अक्षरशः घेतला आणि पुढचे पाच महिने घरातली एकही फणी केसांच्या कामाची राहिली नाही.

सातवीच्या सामान्य विज्ञानात 'स्थितिक विद्युत' नावाचा धडा आहे. बालभारतीच्या या पुस्तकांत जागोजागी 'करून पहा' अशी सूचना असते. कल्पना फार चांगली आहे. पण पुष्कळ वर्गांत 'करून पहा' हे वाचून पाहण्याचं प्रकरण असतं. एक मुलगा उभा राहून खणखणीत आवाजात 'करून पहा' असं वाचतो, बाकीचे त्याखाली पट्टीने रेघ मारतात आणि वर्ग पुढच्या परिच्छेदाकडे सरकतो. नातीच्या बाई उत्साही. त्यांनी सांगितलं, घरी खरंच करा आणि निरीक्षण लिहून आणा. कोरड्या केसांवर फणी घासायची, कागदाच्या कपट्यांजवळ न्यायची, कपटे टपाटप फणीला चिकटतात. वर्गातल्या बाकीच्या सगळ्यांच्या वहीत ते चिकटले. आमच्या नातीने लिहिलं : 'कपटे हलले नाहीत. एक हलला, पण तो आजोबा शिंकल्यामुळे.'

निरीक्षण अचूक होतं. मी साक्षीदार आहे, शिंकेचाही. त्यावर 'पुन्हा करा'.

बाईंना मी दोष देणार नाही. वर्गात साठ मुलं, डोक्यावर पोर्शन, त्यात कधी निवडणुकीची कामं तर कधी कसल्या तरी याद्या. साठ वह्या तपासताना एकोणसाठ ठिकाणी कपटे उडालेले असतील आणि एका ठिकाणी आजोबा शिंकत असतील, तर माणूस लाल पेनच उचलणार.

नातीने मग रोज संध्याकाळी प्रयोग सुरू केला. ऑगस्टातलं पनवेल म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. रायगड जिल्ह्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला निम्मा तरी आमच्या दोरीवरच्या कपड्यांत मुक्कामाला असतो. त्या हवेत फणी घासून घासून पोरीच्या भांगाची जागा बदलली, कपटे जागचे हलेनात. मी चष्मा लावून पुस्तक चाळलं, मुलाने मोबाइल चाळला. स्वयंपाकघरातून बायको हात पुसत आली, एक कपटा चिमटीत धरून म्हणाली, "अगं, सादळलाय तो. सादळलेला पापड कधी वाजतो का?"

झालं. जे पुस्तकात चार ओळींत असतं ते एका शब्दात आटोपलं. हवा दमट असली की फणीवर, कागदावर पाण्याचा अगदी पातळ थर बसतो आणि घासून जमवलेला विद्युतभार त्या वाटेने निघून जातो. 'सादळणे' हे क्रियापद ज्या भाषेत आहे तिच्या शाळेत हा प्रयोग पावसाळ्यात का लावतात, हे मला अजून कळलेलं नाही. आजीने तवा किंचित गरम केला, कपटे त्यावर पापडासारखे शेकले, फणीलाही लांबून धग दाखवली. "आणि डोक्याला खोबरेल चोपडून कसली वीज येणार? आधी न्हाऊन ये," असंही बजावलं. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी तीन कपटे उठले. नातीने तारीख घातली, 'तव्यासह' असं लिहिलं आणि खाली पेन्सिलीने प्रश्न टाकला : 'तव्याशिवाय कधी?'

आता माझ्याविषयी थोडं सांगायला हवं, कारण पुढचा गोंधळ माझ्या कीर्तीमुळे झाला. मी आयुष्यभर रसायनीला नोकरी केली. पनवेलजवळच्या या वसाहतीला तिथल्या रासायनिक कारखान्यांमुळेच रसायनी हे नाव पडलं. मी होतो तिथल्या एका कारखान्याच्या हिशेबखात्यात. माझा आणि रसायनाचा संबंध पावतीपुरता. पण आमच्या आळीने फार पूर्वीच ठरवून टाकलं होतं, की जो माणूस तीस वर्षं रसायनीला जातो त्याला रसायनशास्त्र येतं. लोक मला घरच्या टाकीत तुरटी किती टाकायची ते विचारत आणि मी हिशेब करून सांगत असे. तेव्हा डिसेंबरात जवळच्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शन भरलं आणि परीक्षक म्हणून माझं नाव निघालं, यात नवल काहीच नव्हतं.

त्याआधी ऑक्टोबरात सूर्यमाला येऊन गेली होती. पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर रात्री साडेनऊला निरोप पडला : 'उद्या मुलांनी सूर्यमालेची प्रतिकृती आणावी.' त्या रात्री शहरातल्या स्टेशनरीवाल्यांनी अर्धं शटर वर करून ग्रहमाला विकली. थर्माकोलचे नऊ गोळे, एक काळा पुठ्ठा, चमकी. आपल्याकडे 2018 साली थर्माकोलच्या ताटवाट्यांवर आणि सजावटीवर बंदी आली खरी, पण ग्रहांना ती लागू झालेली दिसत नाही. गोळे सगळे एकाच मापाचे, म्हणजे बुध आणि गुरू जुळे भाऊ. आमच्याकडे गोळे मिळाले नाहीत, कारण आम्ही निरोप वाचला पावणेअकराला. तेव्हा घरात होतं त्यावर भागवायचं ठरलं.

इथे हिशेबखातं उपयोगी पडलं. सूर्य म्हणजे बावीस सेंटिमीटरचा फुटबॉल धरला, तर पृथ्वी दोन मिलिमीटरची, म्हणजे मोहरीचा दाणा. गुरू म्हणजे सुपारी. नेपच्यून म्हणजे हरभरा. इथवर ठीक. पण अंतरंही त्याच मापाने धरायची, असा नातीने हट्ट धरला आणि पुठ्ठा संपला. फुटबॉलपासून मोहरी चोवीस मीटरवर. सुपारी सव्वाशे मीटरवर. हरभरा सातशे दहा मीटरवर. सकाळी सहाला आम्ही वडाळे तलावाकाठी गेलो. फुटबॉल ठेवला, बत्तीस पावलं मोजली, कठड्यावर मोहरी ठेवली. सुपारी ठेवली. हरभऱ्यासाठी साडेनऊशे पावलं चालायची म्हटल्यावर माझ्या गुडघ्याने शनीच्या आसपासच रजा मागितली. फिरायला आलेली माणसं थांबून बघत होती. एकाने विचारलं, "कसली शांत आहे का?" आम्ही परत पृथ्वीपाशी आलो तर पृथ्वी जागेवर नव्हती. तिला मुंगी घेऊन चालली होती.

आणि या मापाने सूर्याला सगळ्यात जवळचा तारा कुठे? सहा हजार तीनशे किलोमीटरवर. म्हणजे फुटबॉल वडाळे तलावावर आणि तो तारा बर्लिनला, मधे काही नाही. हे ऐकून नात पाच मिनिटं गप्प होती. तेरा वर्षांच्या आयुष्यातला हा तिचा विक्रम असावा. शाळेत तिने प्रतिकृती म्हणून डबीतली एक सुपारी आणि एक मोहरी नेली. वर्गातले बाकीचे पुठ्ठे भिंतीला लागले. सुपारीचं पुढे काय झालं ते कळलं नाही, शिपायांवर माझा संशय आहे.

तर प्रदर्शन. माझ्याबरोबर आणखी एक परीक्षक होते. ते व्याख्यानं देतात. हातात गुणपत्रिका : मांडणी, आकर्षकता, सादरीकरण, टापटीप, यांना दहा दहा गुण. शेवटी 'वैज्ञानिक दृष्टिकोन' : पाच.

पंचेचाळीस प्रकल्पांत ज्वालामुखी नऊ होते. जलसंधारण सात. इंजेक्शनच्या सिरिंज आणि सलाइनच्या नळ्यांचे जेसीबी अकरा. हे साहजिक आहे. ज्या तालुक्यात उलव्याची टेकडी सपाट करून विमानतळ झाला, तिथल्या मुलाला गरुडापेक्षा जेसीबी जास्त वेळा दिसतो. शिवाय प्रकल्प चांगला आहे, एका सिरिंजमधलं पाणी दाबलं की दुसरीचा दट्ट्या वर येतो, पास्कलचा नियम डोळ्यांना दिसतो. फक्त अकराही जेसीबींचं सामान एकाच दुकानातलं होतं आणि अकराही मुलांचे वडील शेजारी स्क्रूड्रायव्हर घेऊन उभे होते.

प्रत्येक टेबलावर भाषण होतं. "आदरणीय परीक्षक महोदय, माझ्या प्रकल्पाचे नाव आहे..." मधे प्रश्न विचारला की पोर दचकतं, छताकडे बघतं आणि 'आदरणीय परीक्षक महोदय'पासून पुन्हा सुरू करतं. जुन्या टेपरेकॉर्डरसारखं, मधूनच लावायची सोय नाही. एका जलसंधारणाला मी तीनदा आदरणीय झालो.

ज्वालामुखी क्रमांक सहापाशी मात्र गंमत झाली. नेहमीचंच : थर्माकोलचा शंकू, आत खाण्याचा सोडा, वरून लाल रंग घातलेलं व्हिनेगर, मग फेस. सहावीतला मुलगा सांगत होता, "हा तप्त लाव्हा उसळून बाहेर येत आहे." फेस त्याच्या हातावर आला आणि तो हळूच म्हणाला, "सर, हा गार लागतोय."

मी बोट लावलं. खरंच गार होता. सोडा आणि व्हिनेगर एकत्र आले की ती क्रिया आजूबाजूची उष्णता ओढून घेते, मिश्रण काही अंश थंड होतं. मला हे रसायनीत कुणी सांगितलं नव्हतं, घरी येऊन थर्मामीटर घालून पाहिलं तेव्हा कळलं. म्हणजे इतकी वर्षं आपली मुलं गार ज्वालामुखी फोडताहेत आणि तोंडाने तप्त म्हणताहेत. त्याच्या आईने लगेच डोळे वटारले. पोराने हात चड्डीला पुसला आणि लाव्हा परत तप्त झाला.

दुसरीही एक गोष्ट माझ्या मनात आली. त्या वर्गाच्या खिडकीतून माथेरानचा डोंगर दिसतो. थोडं पुढे गेलं की कर्नाळ्याचा अंगठा. हा सगळा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हाच आहे. आपल्या दख्खनचा ज्वालामुखी असा शंकूतून कारंजासारखा उडाला नाही. जमिनीला लांबलचक भेगा पडल्या आणि त्यांतून थरावर थर पसरत गेले, आज धुऊन धुऊन उरलेत तेच पाच लाख चौरस किलोमीटरवर आहेत. पनवेलचं पोर ज्वालामुखीवर उभं राहून थर्माकोलचा ज्वालामुखी दाखवतं, आणि तो जपानातला असतो. शाळेच्या कुंपणाचा एक दगड उचलून टेबलावर ठेवला असता तरी प्रकल्प झाला असता. पण दगडाला आकर्षकतेचे किती देणार?

हातांनी विज्ञान शिकायची गोष्ट आपल्याकडे नवी नाही. 1972 साली मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा खेडेगावच्या शाळांत सहावी ते आठवीसाठी असा कार्यक्रम सुरू झाला. 'किशोर भारती' आणि 'फ्रेंड्स रूरल सेंटर' या संस्थांनी तो उभा केला आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ त्यात मदतीला होते. त्यांच्या 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकाची मला आवडलेली खोडी म्हणजे त्यात उत्तरंच नव्हती. प्रयोग दिलेला, प्रश्न दिलेला, पुढे जागा कोरी. नक्कल करायची तर कशाची? परीक्षेला वही-पुस्तक उघडं ठेवायची मुभा होती, कारण उघडून फायदा नव्हता. पुढे तो जिल्हाभर पसरला, तीस वर्षं चालला आणि 2002 साली सरकारने बंद केला. तिथेच 1978 साली टेल्कोतून वर्षाची रजा काढून अरविंद गुप्ता नावाचे एक इंजिनिअर गेले. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या यांचे चौकोन-त्रिकोण जोडून ते मुलांना दाखवू लागले, की चौकोन डगमगतो, त्रिकोण डगमगत नाही, म्हणून पुलाला त्रिकोण असतात. पुढे त्यांनी पुण्याच्या 'आयुका' या संस्थेत बसून कचऱ्यातून खेळणी केली, 2018 ला पद्मश्री झाले.

त्या नादाने मीही व्हॉल्व्ह ट्यूब आणायला निघालो. टपाल नाक्यावरच्या सायकलवाल्याने माझ्याकडे करुणेने पाहिलं. "काका, ती आता कोण वापरतं? कितव्या सालची सायकल आहे?" म्हटलं, सायकल नाही, पूल करायचाय. त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं. शेवटी लाइन आळीत एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे बरणीत अर्धा मीटर मिळाली. त्याने पैसे घेतले नाहीत. "पूल झाला की दाखवायला आणा," म्हणाला.

आपल्याच हार्बर लाइनवर, पनवेलहून लोकलने मानखुर्दला उतरलं की होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, 1974 पासून ते याच कामात आहे. मुंबई विज्ञान अध्यापक मंडळ 1981 पासून सहावी आणि नववीच्या मुलांसाठी होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा घेतं. त्यात लेखी झाली की प्रात्यक्षिक, मग कृती संशोधनाचा प्रकल्प आणि मुलाखत. मुलाने स्वतः काहीतरी करून पाहावं हाच हेतू. त्याच्याही शिकवण्या निघाल्या. परवा एका फलकावर 'सर्जनशीलता : बॅच सकाळ-संध्याकाळ' असं वाचलं.

सत्तेचाळीस... नाही, पंचेचाळिसावा प्रकल्प मी विसरलोच असतो. तो हॉलमध्ये नव्हता. जिन्याखाली, पाण्याच्या पिंपाशेजारी, एका बाकावर सहावीतली मुलगी बुटाचं खोकं आणि चार काचेच्या बाटल्या घेऊन बसली होती. चमकी नाही, वडील नाहीत, आदरणीयही नाही. प्रकल्प : 'आमच्या बिल्डिंगमधले डास'. पनवेलमध्ये या विषयाला साहित्य कमी पडत नाही.

ती तीन आठवडे दर रविवारी बिल्डिंगभर फिरून साठलेल्या पाण्यातल्या अळ्या मोजत होती. वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं, 'माझा अंदाज : गटारात सर्वांत जास्त'. चौथ्या पानावर तेच खोडून, 'माझा अंदाज चुकला'. गटाराचं पाणी वाहत होतं, तिथे एकही नाही. सगळ्यात जास्त अळ्या फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये, दुसऱ्या क्रमांकावर तुळशीच्या कुंडीखालची ताटली. एका बाटलीत अळ्या डोकं खाली करून तिरक्या लोंबत होत्या, दुसरीत पाण्याच्या पृष्ठभागाला आडव्या चिकटल्या होत्या. "आडव्या त्या मलेरियाच्या जातीच्या," ती म्हणाली. तिसऱ्या बाटलीत एक गप्पी मासा होता. चौथी रिकामी. "ही पण काल भरलेली होती. मासा चुकून त्यात टाकला."

मी विचारलं, "शाळेत पाहिलंस का कुठे?"

ती जरा घुटमळली. मग वहीचं शेवटचं पान उघडलं. मोठ्या सरांच्या खोलीतली मनी प्लांटची बाटली : एकवीस अळ्या. जलसंधारण, टेबल क्रमांक तीन : चौदा. ते धरण रंगीत तालमीसाठी आठ दिवस भरून ठेवलं होतं. अंड्यातून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणजे बक्षीस समारंभापर्यंत ते पाणी अडवून डास जिरवणार होतं.

मी तिला पैकीच्या पैकी दिले. माझे सहपरीक्षक म्हणाले, विषय अस्वच्छ आहे आणि मांडणी नाही. आकर्षकतेत त्यांनी शून्य दिलं. बेरजा मी तीनदा तपासल्या, जन्मभर तेच केलंय. ज्वालामुखी क्रमांक दोन पहिला आला, जेसीबी दुसरा, धरण तिसरं. मुलीला उत्तेजनार्थ. मोठ्या सरांनी मात्र त्याच संध्याकाळी बाटली स्वतः नेऊन मोरीत उलटी केली. मी पाहिलं.

घरी आलो तेव्हा नात गच्चीवर होती. डिसेंबरची थंडी, पनवेलला पडते तेवढी, आणि उत्तरेचं कोरडं वारं. केस धुतलेले, तेल नाही. वहीत आता पूर्ण पानाचा तक्ता झाला होता : तारीख, पाऊस आहे की नाही, आजीचा पापड सादळला की नाही, किती कपटे. ऑगस्टभर शून्य. सप्टेंबरात तव्यासह तीन. ऑक्टोबरात तव्याशिवाय दोन. त्या संध्याकाळी तिने फणी दहा वेळा केसांतून फिरवली, कपट्यांवर धरली आणि अकरा कपटे उडून फणीला चिकटले. एक तर चिकटून परत उडाला. ते का, यावर सध्या घरात वाद आहे.

जानेवारीत तिने वही पुन्हा दिली. बाईंनी पान उलटून उलटून पाहिलं, पापडाच्या रकान्यापाशी थांबल्या, आणि खाली लाल शाईने फक्त सही केली. मग म्हणे वर्गाला सांगितलं, की पुढच्या वर्षी हा प्रयोग आपण डिसेंबरात घेऊ.

तेव्हा ज्यांना कपटे उडताना पाहायचे आहेत त्यांनी हिवाळ्यात आपल्या घरीच पाहावेत. फणी कोरडी, डोक्याला तेल नको, एवढं पुरे. प्रयोग हमखास फसलेला पाहायचा असेल तर जुलैत पनवेलला या. फणी आमच्याकडे आहे.